आवाज वायरने जातो

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. दादा गेला होता. गॅस बंद केला, चपला घातल्या आणि चेरीतालच्या घरून रांझीला, दादाकडे निघाले. वाटभर एकच गोष्ट डोक्यात होती. आमचं दोन महिने बोलणं बंद होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

कारण एक व्हिडिओ कॅसेट. माझ्या लग्नात आईने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली होती. कागद कधीच हरवला, आईही गेली; तिचा आवाज उरला तो त्या कॅसेटमध्ये, आणि कॅसेटला बुरशी लागलेली. गोहलपुरच्या मेकॅनिकने फीत पुसून दिली आणि बजावलं, "दीदी, एक बार चल जाएगी. दूसरी बार का भरोसा नहीं."

दादा फॅक्टरीतून रिटायर झालेला. यंत्राबरोबरचं माहितीपत्रक वाचणं त्याला अपमान वाटे. त्याच्याकडे जुना टीव्ही ट्यूनर होता, कॉम्प्युटरवर टीव्ही बघायची काळी डबी. व्हीसीआरच्या वायरी त्याने डबीत खोचल्या, डबी लॅपटॉपला जोडली आणि कॅसेट सुरू केली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ट्यूनर चॅनेल शोधत बसलेला, इकडे कॅसेट पुढे सरकत होती.

"थांबव ना दादा."

"थांबवली तर तिथंच चिकटेल. चूप बैस."

त्याच्या कपाळावर घाम होता. शेवटी यादीत त्याला चॅनेलऐवजी पिवळ्या, म्हणजे चित्राच्या वायरीचा पर्याय सापडला. त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि मांडव दिसला... अंतरपाट...

"आवाज काहून नाही येत?"

"बाहेर बंद करून ठेवला. आत भरून राहिला."

"मग तू बडबडू नको, तुझाही भरेल."

"पगली, आवाज वायरने जातो. खोलीतला नाही जात."

मंगलाष्टकं संपली आणि थोड्याच वेळात व्हीसीआरने फीत खाल्ली. आम्ही फाइल लावली. मांडव दिसत होता आणि ऐकू येत होतं आमचंच भांडण. दादाने चित्राची वायर निवडली होती, आवाजाची निवडायची राहिली. लॅपटॉपने आपल्या माइकने खोलीच भरून घेतली होती. मी तिथेच बंद केली.

दादा म्हणाला, "छोटी, मला पाठ आहेत ती. लिहून देतो."

"मला आईचा आवाज पाहिजे होता. तुझा नाही."

एवढं बोलून ती फाइल घेतलेला पेन ड्राइव्ह उचलला आणि निघून आले. नंतर त्याचे फोन आले. मी उचलले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनीने तो ट्यूनर माझ्या हातात दिला. डबीवर चिकटपट्टी, तिच्यावर दादाचं ठसठशीत अक्षर: 'आवाज वेगळा निवडणे.'

घरी येऊन ती फाइल मी पहिल्यांदा पूर्ण लावली. भांडण मिनिटभराचंच आहे. मग आई तोंड उघडते आणि दादा, अगदी हळू, तिच्या ओठांबरोबर म्हणू लागतो. कुठेही अडत नाही. त्या दिवशी मी शेजारीच होते, पण फीत अडकते की काय म्हणून माझे डोळे आणि कान त्या व्हीसीआरकडे लागलेले. आता वही घेतली आणि थांबवत थांबवत सगळी मंगलाष्टकं उतरवून काढली. शेवटच्या 'सावधान'नंतर माझाच आवाज येतो, "दादा, वायर हलवू नको."

"नाही हलवत," तो म्हणतो. "तू आईकडे बघ."