आज बर्फ?

हिवाळा हा ऋतू नसून आमच्या डच शेजाऱ्यांनी हॉलंडहून येताना सामानातून आणलेली वस्तू आहे, अशी मिल्टन कीन्समधल्या आमच्या गल्लीची खात्री होती. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे घर घेतलं तेव्हा ते साठीचे असतील. सहा फुटांवर उंची, पांढऱ्या भुवया, आणि आयुष्यभर चित्रं काढली ती फक्त हिवाळ्याची: गोठलेले कालवे, निष्पर्ण झाडं, बर्फावर स्केटिंग करणारी ठिपक्याएवढी माणसं. वसंत ऋतूबद्दल विचारलं तर "सगळं हिरवं. झाडांना लपायला सोपं," एवढंच म्हणत. इंग्लंडच्या हिवाळ्याला तर ते हिवाळा मानायलाच तयार नव्हते. "हा ओला कंटाळा आहे, डॉक्टर," म्हणून छत्री न उघडता चालू लागत. माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव गारठेकाका ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की आमच्या इथल्या मराठी मंडळातले काही जण ते कोकणातले कुठले गारठे, अशी चौकशी करू लागले.

हे हिवाळ्याचं काम चाले मात्र भर जुलैत. थंडीत ते ब्रशला हात लावत नसत. तेव्हा नुसतं बघत हिंडायचं आणि उन्हाळ्यात आठवून काढायचं, असा नियम. "दात वाजत असताना थंडी काढता येत नाही, तिची आठवण यावी लागते." आठवणीला मदत म्हणून ते गॅरेजमध्ये अर्ध्या चड्डीत, बर्फाचे तुकडे टाकलेल्या टबात पाय सोडून बसत. तुकडे आमच्या फ्रीजरमधले. "अहो, तुमच्या गारठेकाकांनी दोन्ही ट्रे नेले! आता पन्ह्यात काय घालू, त्यांचे पाय?" हिचा आवाज कुंपण ओलांडून जाई आणि पलीकडून शांतपणे "थँक यू, मिसेस डॉक्टर!" असं उत्तर येई. पांढरा रंग ट्यूबमधून सरळ कॅनव्हासवर लावणाऱ्याला तुरुंगात टाकावं, या मताचे ते होते. एकदा ही भाकरी थापत असताना ते परातीसमोर खिळून उभे राहिले. दुपारी चारचा बर्फ नेमका ज्वारीच्या पिठाच्या रंगाचा असतो, असा शोध त्यांना लागला होता. वाटीभर पीठ घेऊन गेले, आणि वाटी परत आली ती निळ्या बोटांच्या ठशांसकट.

आईस आणि स्नो, दोन्हींना आम्ही मराठीत बर्फच म्हणतो हे कळलं त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "एकच शब्द? मग तुम्ही लोक चालता कसे?" मी म्हटलं, आमच्या साताऱ्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो, त्याच्यावर कोणी चालत नाही. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी मी त्यांना दोन विशेषणं दिली. पीठ दाखवून भुसभुशीत शिकवलं. टणक कसं समजवावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी हिने केलेला डिंकाचा लाडू चावला आणि तो प्रश्न मिटला. (हे आमच्या घरात अजून सांगितलेलं नाही.) तेव्हापासून गारठ्याच्या दिवसांत मी सकाळी माकडटोपी घालून गाडीची काच खरवडायला बाहेर पडलो की त्यांच्या वरच्या खिडकीतून मराठीत हाक येई, "डॉक्टर! आज बर्फ?" त्यांना लांबचं अंधुक दिसे, वरून जमीन कळत नसे. मी नुसतं बर्फ म्हटलं तर तो भुसभुशीत समजायचा, मग ते साधे बूट घालत. टणक म्हटलं तर बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधत. माझ्या एका शब्दावर भरवसा ठेवून तो माणूस दाराबाहेर पाऊल टाकत असे.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या प्रत्येक चित्रात एक माणूस आपटलेला असे. कुठेतरी कोपऱ्यात, पाय वर, टोपी लांब. बाकीचे सगळे खुशाल दुसरीकडे बघत असत. मी एकदा म्हटलं, "काय निर्दय लोक हो तुमचे! कोणी हात तरी द्यायचा." ते खरोखरच चकित झाले. "निर्दय? पडलेल्याकडे बघायचं नसतं, डॉक्टर. त्याला उठायला वेळ द्यायचा असतो."

आमच्या मंडळात गणपतीला आणि कोजागिरीला मी एक किस्सा वर्षानुवर्षं सांगत आलो. जन्मभर बर्फ रंगवणारा हा डचमन एका सकाळी दिमाखात साधे बूट घालून बाहेर पडतो आणि आपल्याच दारात सपशेल आडवा! मी उठून नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे. ज्यांनी ती नक्कल पाहिली, त्यांना किस्स्याचा राहिलेला भाग सांगायचा आहे.

त्या सकाळी मला हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरला उशीर होत होता. गाडीकडे जाताना मी स्वतः घसरलो आणि दाराचं हँडल धरून कसाबसा वाचलो. जमीन काचेसारखी झाली होती. वरून हाक आली, "डॉक्टर! आज बर्फ?" मी किल्ली फिरवता फिरवता ओरडलो, "बर्फ, बर्फ!" माझ्या मनात तो टणकच होता. पण माझ्या जिभेला दोन्हींसाठी एकच शब्द ठाऊक, आणि दुसरा शब्द उच्चारायला लागला असता तेवढा क्षण मी वाचवला.

दुपारच्या आत ते आमच्याच हॉस्पिटलमध्ये आले. उजवं मनगट मोडलं होतं. मी भूलतज्ज्ञ, हाड बसवायच्या वेळी त्यांना भूल मीच दिली. सुई टोचताना ते माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. "दहापासून उलटे आकडे मोजा," मी म्हटलं. टेन, नाईन, एट, आणि मग अगदी हळू, विद्यार्थ्याची वही तपासावी तसं, "टणक." आणि झोपले.

शुद्धीवर आल्यावर नर्सने विचारलं, "एवढ्या बर्फात साधे बूट का घातलेत?" ते म्हणाले, "माझीच घाई." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी चार्ट भरत राहिलो.

मनगट आखडलं ते आखडलंच. त्या जुलैत बर्फाचे ट्रे न्यायला कोणी आलं नाही, आणि आमचं पन्हं पहिल्यांदाच गारेगार झालं. पुढे ते डाव्या हाताने काढू लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी बहिणीकडे हॉलंडला परत गेले. जाताना कुंपणावरून एक छोटं चित्र माझ्या हातात दिलं. रेषा थरथरलेल्या होत्या. मी ते जिन्यात टांगलं आणि त्याच्यासमोरून भरभर जायला शिकलो. काही वर्षांनी ते गेल्याचं बहिणीचं पत्र आलं.

परवा रीडिंग गावाहून मुलगी आली. ती इथेच वाढलेली. मराठी बोलते, पण शब्दांच्या लिंगाशी भांडत. जिन्यात थांबून म्हणाली, "बाबा, हा पडली आहे तो माणूस, इट्स यू! बघा ना, तुमचा माकडटोपी!"

पडलेले ते स्वतः असतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. चष्मा लावून पाहिलं. तपकिरी माकडटोपी, शेजारी उघडी पडलेली बॅग, पाय वर. मीच होतो. ते बाजूलाच उभे होते, सहा फुटी, उजवा हात कोटाच्या खिशात, आणि मान मुद्दाम पलीकडे वळवलेली. ज्वारीच्या पिठाच्या रंगाच्या आभाळाकडे बघत होते.

मला जरा जास्तच वेळ लागला, गारठेकाका. बर्फ टणक होता. मला माहीत होतं. आता इकडे बघायला हरकत नाही.