तांब्याभर पाणी

कापसाच्या तेजीत मी अमरावतीला सासरी होते. एका दुपारी माहेराहून, तेल्हाऱ्याहून, बाबांचा सालदार गडी आला. "मालकाची तब्येत जास्त हाये बाई, चाला."

आमच्याकडे माणूस मेला तरी लेकीला असंच सांगतात. जळो ती रीत! मी पाण्याचा तांब्या पुढे केला. मौतीचा निरोप आणणारा पाणी घेत नाही. त्यानं घटाघटा तांब्या रिकामा केला. तेवढ्याच आधारावर, कापसाच्या गाड्यांनी अडलेल्या रस्त्यानं, मी तीन दिवस जीव मुठीत धरून गेले.

बाबा जिवंत भेटले. चौथ्या दिवशी गेले.

शेंदूरजन्याला दिलेल्या धाकट्या बहिणीकडे त्याच सालदाराला धाडताना मी बजावलं, "तब्येत जास्त हाये, येवढंच सांगजो. अन् तिनं पाणी देल्लं तं पेजो."