लिली उमलायची वेळ आणि आईची बस

वडील गेल्यावर उरणचं घर विकायचं ठरलं, तेव्हा नेहमीप्रमाणे आवराआवर माझ्याकडे आली. कपाट भावाकडे, तांब्याचा हंडा माझ्याकडे, वीज बंद करायचा अर्ज त्याने करायचा, रद्दीवाल्याला मी बोलवायचं. घेणाऱ्याला घर नकोच होतं. बंदरामुळे त्या बाजूला कंटेनर ठेवायला जागा लागत होती आणि आमची जागा रस्त्याला लागून. विहिरीजवळचं जे न्यायचं ते उपटून न्या, असं तो म्हणाला. मी लिलीचे कांदे काढले. नर्सरीत तिला स्पायडर लिली म्हणतात. आमच्याकडे ती नुसती लिली होती. पांढरी, लांब बारीक पाकळ्यांची, दिवेलागणीला उमलणारी आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकणारी.

कांदे आणण्यामागे माझा एक हेतू होता. आई भावाकडे ऐरोलीला राहायला गेली होती, तिसऱ्या मजल्यावर. मी नेरुळला तळमजल्यावर, मागच्या दाराशी थोडी मोकळी जागा असलेल्या घरात. आई माझ्याकडे यायची, पण राहायची नाही. जावयाच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा तिचा नियम. सकाळी यायची, जेवायची, मला न विचारता डाळीचे डबे उन्हात ठेवायची आणि चारच्या बसने परत. रात्रभर राहा, असं मी दर खेपेला म्हणायची. तिचं उत्तर ठरलेलं: "जेवायला येईन, राहायला नाही."

उरणला देवापाशी दिवा लावून झाला की ती मागच्या पायरीवर लिलीसमोर बसायची. दिवसभरात तेवढ्याच वेळी तिच्या हातात काही नसायचं. तेव्हा शेजारी जाऊन बसलं की ती काहीबाही बोलत राहायची, तिच्या माहेरचं, शाळेचं, कधीच्या कुठल्या मैत्रिणीचं. लग्नानंतर ती आई मला भेटलीच नव्हती. भेटायची ती दुपारची, पदर खोचलेली, बसच्या वेळेकडे लक्ष असलेली. मला वाटलं, लिली फुलली तर तिला थांबावंच लागेल. चारच्या सुमाराला कळ्या मिटलेल्याच असतात.

कांदे मी व्यवस्थित लावले. आमच्याकडची जमीन म्हणजे खाडीवर टाकलेला भराव. कुदळ मारली की मुरूम आणि विटांचे तुकडे. ते उपसून लाल माती भरली, शेणखत घातलं, पट्टीने अंतर आखून रांगा केल्या. पाणी घालायचे वार कॅलेंडरवर लिहिले. पावसाळ्यात पानं आली, हिरवीगार, गुडघ्याच्या वर. फुलाचा दांडा एकही नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

आई प्रत्येक खेपेला वेगळा उपाय सांगायची, कारण उरणला लिलीची देखभाल अशी कुणी केलीच नव्हती. कधी ऊन कमी पडतंय, कधी पाणी जास्त होतंय. एकदा रांगांकडे बघून म्हणाली, "यांना परीक्षेला बसवलंयस का गं? एकमेकांचं बघून लिहू दे की." मग तिनेच कांदे उकरले आणि एका घोळक्यात, माना मातीबाहेर ठेवून पुन्हा लावले. जाता जाता ऐकवून गेली की माझ्याकडे सगळं वेळेवर होतं, फुलं सोडून.

त्यानंतरच्या एका रविवारी, स्वयंपाकघरात बोंबील धुताना, तिला आठवलं. उरणला मासळी विहिरीपाशी साफ व्हायची आणि ते पाणी वर्षानुवर्षं लिलीच्या वाफ्यात जायचं. माझ्याकडे ते सिंकमधून गटारात जात होतं. त्या दिवसापासून मासळीचं पाणी बादलीत. वरच्या मजल्यावरच्या काकू शाकाहारी. त्यांनी नाकाला पदर लावून गॅलरीतून विचारलं, ड्रेनेज फुटलंय का? मी म्हटलं, खत घातलंय. मग काकू देवळात जायच्या त्या वेळेला मी बादली ओतायला लागले. सोसायटीतली मांजरं मात्र वाफ्यातून हलेनात. नवरा म्हणाला, फुलं नाही तर नाही, मांजरं तरी छान आलीत.

गर्दीमुळे झालं, मासळीमुळे झालं की कांदे एकदाचे रुळले, ते मला सांगता येणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात पानांमधून एक जाड, चपटा दांडा वर आला. टोकाला कळ्यांचा जुडगा. कळ्या लांबल्या, पांढऱ्या झाल्या, आणि आज संध्याकाळी पहिल्या उमलणार अशा दिसल्या, त्या सकाळी मी ऐरोलीला फोन केला.

आई यायच्या आत तयारी केली. गादीवर धुतलेली चादर, तिला लागते तशी पातळ उशी, तिच्या गोळ्यांची एक पट्टी, सकाळच्या आंबोळ्यांचं पीठ भिजत. मागच्या दारात दोन खुर्च्या.

आली ती थेट वाफ्याशी गेली. एक कळी दोन बोटांत हलकेच धरून बघितली. जेवताना नवऱ्याने आपणहून म्हटलं, "आई, आज राहा. सकाळी मी स्वतः सोडतो." ती हसली, त्याला आणखी आमटी वाढली. साडेतीनला माझ्याकडे कात्री मागितली. मला वाटलं, पिवळी पानं काढणार असेल. तिने दांडा बुडाशी कापला, टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि वरून दुधाची रिकामी पिशवी बांधली.

"आई, तो इथे उमलायला हवा होता," मी म्हटलं.

"मग मी कशी बघणार?"

तिने हे अगदी सरळपणे विचारलं. मी तिला स्टॉपवर सोडलं. खिडकीशी बसून तिने दांडा छातीशी उभा धरला होता, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून दुसरा हात आडवा.

अंधारून येताना मी खुर्च्या आत नेल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"उमलली गं. तीन उमलली, बाकीची उद्या. खिडकीत ठेवलाय दांडा. अख्ख्या घरात वास."

मी बरं म्हटलं. आता ती फोन ठेवेल असं वाटलं, कारण फोनवर ती कामापुरतंच बोलायची. पण ती थांबली, आणि मग तिच्या शाळेच्या वाटेवरच्या बोरीबद्दल सांगायला लागली. तिथून मैत्रिणीवर गेली, मैत्रिणीच्या लग्नावर, तिथल्या भांडणावर. आवाज सावकाश, कुठेही जायचं नसल्यासारखा. मी फोनपाशी जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. हुं म्हणण्यापलीकडे काही बोलले नाही. मध्ये बोललं असतं तर तिला वेळेचं भान आलं असतं.

मग मागून वहिनीने पानं घेतल्याची हाक मारली आणि आई म्हणाली, "चल, ठेवते."