हात बदल

गंगाक्का कुणाला काही विचारायच्या आणि मग शेंगा फोडायला बसायच्या. त्यांच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा कायम असायच्या. एक फोडली, टरफल खाली, दाणे पदरात, की दुसरी. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत हे चालायचं. उत्तर आलं की मूठभर दाणे त्याच्याच हातावर. "थांबायचं असलं की हाताला काम द्यावं, माय," त्या मला म्हणायच्या, "मग तोंड गप ऱ्हातंय."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच ओसरीवर. आमच्या लातूरजवळच्या मुरुडला, बाजाराच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी नुकतंच केंद्र सुरू केलं होतं. ज्यांची समज जन्मापासून उशिरा चालते आणि ज्यांचं शाळेचं वय निघून गेलंय, अशा मोठ्या माणसांसाठी. तिथं वाती वळायच्या, द्रोण दाबायचे, डाळ निवडायची आणि आपलं आपण राहायला शिकायचं. अशी माणसं शोधत त्या घरोघर फिरत होत्या. आमच्या घरी माझा मोठा मुलगा बालाजी होता. सत्तावीस वर्षांचा, अंगानं थोराड, मिशी आलेला, आणि बोलणं दोन-चार शब्दांचं. गाव त्याला बाळ्या म्हणायचं. आम्हीपण.

अक्का निलंग्याकडच्या. तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून बोलताना मधेच कानडी शब्द यायचा; पुरे म्हणायचं तर 'साकू'. उंच, सावळ्या, साडी घोट्याच्या वर खोचलेली. आल्या आणि चहाला हात न लावता बालाजीसमोर बसल्या. "बालाजी, शेडवर येतोस का कामाला?"

मीच म्हणाले, "त्याला कळत न्हाई हो अक्का, तो..."

त्यांनी माझ्याकडं न बघता पंजा वर केला. "साकू! पुरे. तुला इचारलं का, माय?"

तशी मी गप्पच असते. चार माणसांत माझा आवाज कुणी ऐकलेला नाही, आणि एकदा बोलले तर त्यावर हा पंजा! शेंगा फुटायला लागल्या. चहावर साय आली. आमचे मालक दारात येऊन बघून गेले. मला वाटलं, आता ही बाई उठेल. ती काही उठली नाही. शेवटी बालाजीच उठला, आत गेला, आणि पायात चपला घालून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आलं उत्तर!" अक्कांनी दाण्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली. "कामून म्हणतीस कळत न्हाई? आणि बाळ्या कोण गं? असल्या मिशीला बाळ्या म्हणत असतेत का?"

त्या दिवसापासून तो आमच्या घरात बालाजी झाला.

शेडवर त्यांची एक पद्धत होती. दोन हातांत दोन वस्तू धरायच्या आणि विचारायचं, "हे का हे?" बोलता येत नसलं तर नुसता हात लावला तरी चालेल. गूळ का साखर, वाती का द्रोण, खिडकीपाशी का पंख्याखाली. मला त्यांनी घरी शर्टापासून सुरुवात करायला लावली. तोवर मी काढून देईन तो शर्ट तो घालायचा. मी निळा आणि पिवळा धरला. त्यानं निळ्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी निळा, तिसऱ्या दिवशी निळा. मी हरखून गेले. अक्कांना जाऊन सांगितलं, त्याला निळा आवडतो म्हणून.

"निळा कोणत्या हातात धरतीस?"

"उजव्या."

"हात बदल."

मी हात बदलला. उजव्या हातात पिवळा आला, तर त्यानं पिवळा घेतला. हे सांगितल्यावर अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माय गं, त्यानं शर्ट न्हाई निवडला, तुझा उजवा हात निवडला! एकदा इचारून होत नसतंय. हात बदलून परत इचारायचं. दोन्ही येळेला तेच आलं, तर पक्कं."

मग थंडी पडेपर्यंत रोज सकाळी हेच. निळा, पिवळा, हात बदल. आणि एक दिवस त्यानं माझ्या उजव्या हाताला ओलांडून डाव्या हातातला पिवळा शर्ट धरला! मी हात बदलला. पिवळ्याच्या मागं त्याचा हात आला. मी भाकरीच्या पिठाच्या हातानं, तशीच अनवाणी बाजारातून पळत सुटले. शेडच्या दारातून ओरडले, "अक्का, पक्कं!"

सगळं शेड उठलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नुसत्याच उड्या मारल्या, वातींचा कापूस हवेत उडाला. "पक्कं! पक्कं!" माझ्या ओरडण्यावर माणसं खूश झाल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मात्र आमची पंचाईत सुरू झाली. बालाजीला आता सगळ्याचंच उत्तर यायला लागलं. हजामत नको. कारल्याची भाजी नको. काकाच्या गाडीवर बसायचं नको, चालतच जायचं. मी कंटाळून तक्रार घेऊन गेले, तर अक्का म्हणाल्या, "इचारलं की उत्तर घ्यावं लागतंय. आपल्याला पायजे तेच पायजे असलं, तर इचारायचं तरी कशाला?"

एकदा त्या आणि मी बालाजीला घेऊन लातूरला निघालो. कंडक्टरनं मला विचारलं, "ह्याला कुठं जायचंय?" अक्का म्हणाल्या, "त्याला तोंड हाय. त्यालाच इचारा." झालं! शेंगा निघाल्या. मागून लोक ओरडायला लागले, "ओ बाई, बाजार उठंल आमचा!" अक्का मागं वळून म्हणाल्या, "शेंगा खा, गप बसा," आणि खरंच मूठ मागं दिली. टरफलांचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. बालाजी बऱ्याच वेळानं म्हणाला, "लातूर." कंडक्टरनं तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं. ते तिकीट त्यानं घरी येईपर्यंत मुठीत धरलं होतं.

हा सगळा धीर मुलांसाठी. आम्हा आयांना मात्र त्या फडाफडा तोडायच्या. एकदा एक म्हातारी आई चिडून म्हणालीच, "अक्का, आमच्यासाठीबी कधी शेंगा फोडा की! आमी काय लगेच बोलणाऱ्या हाव का?" अक्का स्वतःच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "चुकलं बाई माझं." तेव्हापासून शनिवारी दुपारी आयांची बैठक सुरू झाली. अक्का एकीला विचारायच्या, "तुझं काय?" आणि शेंगा फोडत बसायच्या. मी तिथंच बोलायला शिकले.

आणि तिथंच मी रेणूचं सांगितलं.

रेणू माझी धाकटी मुलगी. तिला बघायला लोह्याहून पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं, मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, माणसं साधी. माझे थोरले दीर म्हणाले, "त्या दिवशी बालाजीला त्याच्या मामाकडं धाडा. सोयरीक पक्की झाल्यावर सांगू त्याचं." मालक काही बोलले नाहीत. मला झोप येईना. स्थळ मोडलं तर रेणूचं नुकसान. आणि आज त्याला लपवलं, तर साखरपुड्यालाही लपवणार, लग्नालाही, आणि रेणूच्या घरी तर त्याचं पाऊल कधीच पडणार नाही. आमच्या मागं त्याला बहीण तेवढीच.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. एक शब्द मधे घातला नाही. मग म्हणाल्या, "बालाजीला इचारलं? रेणूला?"

मी रात्रीच्या जेवणाला विचारलं. दिरांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, पण ताटं वाढून झाल्यावर बालाजीसमोर बसले. एक हात दाराकडं केला, एक चुलीकडं. "मामाकडं जायचं का घरी ऱ्हायचं?" त्यानं चुलीकडच्या हातावर फटकन टाळी दिली. मी फिरून बसले, हात बदलले. परत चुलीकडं. "पक्कं," तो म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला.

रेणू म्हणाली, "दादा घरात नसला तर मी पाहुण्यांसमोर येणार न्हाई."

दीर ताटावरून उठायच्या बेतात होते. "मोडली सोयरीक तर मला बोलायचं न्हाई!"

"न्हाई बोलत," मालक म्हणाले. "बस दादा, जेव. पोरगं घरात ऱ्हाईल." एवढंच म्हणाले, पण म्हणाले!

पुढं शेडवर तालीम सुरू झाली. बालाजीनं चहा द्यायचं ठरवलं होतं. अक्कांनी कपांत पाणी भरून त्याला ट्रे धरायला लावला. सगळं शेड पाहुणे होऊन मांडी घालून बसायचं. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. "हे का हे?" पाणी सांडलं की पुसायचं, परत भरायचं. मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी तुम्ही या हो." तर म्हणाल्या, "मी कशाला? नवरी हाव का मी?"

पाहुणे आले. बालाजी पिवळा शर्ट घालून, भांग पाडून तयार. तो ट्रे घेऊन बाहेर गेला आणि मी दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. पहिल्यांदा नवऱ्या मुलाच्या काकासमोर गेला. "हे का हे?" काका दिरांकडं बघून म्हणाले, "ह्याचं काय... ह्याला कळतंय का?" दीर खाली बघायला लागले. बालाजी ट्रेमधले दोन कप पुढं करून तसाच उभा. मी दाराच्या फटीला डोळा लावला. तेव्हा मुलानंच काकाला हळूच सांगितलं, "काका, साखरेचा का बिनसाखरेचा, ते इचारून राहिलाय तो." काकांनी गडबडीनं एक कप घेतला. मग त्यानं एकेकाला कप दिला, प्रत्येकाला विचारून, प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत थांबून. एक थेंब सांडला नाही!

रेणू येऊन बसली. नाव, गाव, स्वयंपाक येतो का, सगळं झालं. बालाजी कोपऱ्यात उभा होता. तो एकदम पुढं आला आणि रेणूसमोर बसला. एक हात मुलाकडं केला, एक माझ्या दाराकडं. "हे का हे?"

कुणी शिकवलं नव्हतं हे. शपथ सांगते, अक्कांनीपण नाही. रेणूचं तोंड लाल झालं. तिनं खाली बघितलं, आणि हळूच मुलाकडच्या हाताला बोट लावलं. पाहुणे हसले, मालकांनी सुस्कारा टाकला. पण बालाजीचं कुठं झालं होतं! त्याला हात बदलायचे होते. मुलगा आणि दार तर जागचे हलणार नाहीत. म्हणून तोच उठला, रेणूच्या मागं जाऊन बसला, आणि परत दोन्ही हात पसरले. आता मुलगा दुसऱ्या हाताला. "हे का हे?" रेणूला मान वळवून परत मुलाकडचाच हात धरावा लागला.

"पक्कं!" बालाजी ओरडला. मग मुलाकडं वळला. "आता तू."

त्यालापण दोनदा निवडायला लावलं! मुलाची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "बाई बाई, आमच्या येळेला असं कुणी इचारलं असतं," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तर मी दाराचाच हात धरला असता!" तिचा नवरा म्हणाला, "आणि मी तुझ्या आधी!" तिथंच सोयरीक झाली. काकांनी जाताना बालाजीला विचारलं, दिरांना नाही, त्यालाच: "लोह्याला येतोस का?" आणि उत्तरासाठी थांबले. फार नाही, पण थांबले.

मी दाराआडून निघाले ती थेट शेडवर. अक्कांना सांगताना मला दम लागत होता, वाक्यं उलटसुलट होत होती. त्यांनी शेंगा काढल्या नाहीत. दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवून मला परत परत सांगायला लावलं, आणि प्रत्येक वेळी तिथंच हसल्या, जिथं बालाजी उठून मागं जातो.

लग्न झालं. बालाजी मांडवात पाहुण्यांना पाणी देत होता, अक्का पंक्तीत बसून वाढप्यांना दटावत होत्या. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या निघाल्या. भोकरच्या काही आया मुरुडचं शेड बघून गेल्या होत्या. आमच्याकडंपण असंच पाहिजे म्हणत होत्या. मुरुडचं काम आता आम्ही आया आणि शेडमधली दोन-तीन माणसं मिळून बघू शकत होतो. अक्का म्हणाल्या, "तुमाला आता माझी गरज न्हाई. भोकरला हाय."

स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. नांदेडची गाडी लागली. बालाजी अक्कांची पिशवी धरून उभा होता, देईना. त्यानं पिशवी खाली ठेवली, एक हात गाडीकडं केला, एक शेडच्या रस्त्याकडं.

"हे का हे?"

अक्का नेहमी झटक्यात बोलणाऱ्या. पण त्या काही बोलेनात. कंडक्टरनं घंटा दिली. माझ्या पिशवीत वाटेत खायला आणलेल्या शेंगा होत्या, त्यांच्यासाठीच. मी एक काढली आणि फोडली. मग दुसरी.

अक्कांनी गाडीकडच्या हाताला हात लावला. बालाजी वळून उभा राहिला, हात बदलले. त्यांनी परत गाडीकडचाच हात धरला.

तो "पक्कं" म्हणेना. मी शेंगा फोडत राहिले. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग वाकून पिशवी उचलली, गाडीत चढला, खिडकीजवळची जागा बघून ती वर ठेवली, आणि दारातून एवढ्या मोठ्यानं ओरडला की स्टँडवरची सगळी माणसं वळली, "पक्कं!"

अक्का चढल्या. मी खिडकीतून त्यांच्या पदरात दाणे ओतले, मूठभर, मग आणखी मूठभर, मग पिशवीतल्या राहिलेल्या सगळ्या शेंगा. "साकू, साकू," अक्का म्हणत होत्या, पण पदर त्यांनी मागं घेतला नाही.