मोजायचा राहिलेला श्वास

शारजातल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी चौदा वर्षं नर्स आहे, आणि राग माझ्या नाकावर असतो हे तिथल्या सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नवी नर्स माझ्या हाताखाली आली की पहिल्या दिवशी तिला माझं प्रवचन ऐकावं लागतं. एकदम दोन पेशंट आले तर जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर जायचं. ओरडायला दम लागतो, म्हणजे त्याचा श्वास चाललाय. जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी जायचं. आणि तिथेही रक्त, जखम, मोडलेलं हाड बघून भुलायचं नाही. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास कसा चाललाय, मग नाडी आणि रक्तदाब. झोपेतून उठवून विचारलं तरी हा क्रम आला पाहिजे, असा माझा दरारा.

श्वास मोजायचा म्हणजे पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत राहायचं. पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. त्याला बोलतंही करायचं नाही. एवढंसं काम, पण घाईत सगळ्यात आधी हेच गळतं. इतरांचं गळतं, माझं नाही, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी दुपारची ड्यूटी नुकतीच सुरू झाली होती. हमरिया बंदराजवळच्या एका गोदामात रॅकवरून लोखंडी पाइप घसरले, आणि दोन माणसांना अॅम्ब्युलन्सची वाट न बघता कंपनीच्याच गाडीत घालून आणलं होतं. एकाची बोटं चेचली होती. त्याने सगळा हॉल डोक्यावर घेतला होता. दुसरे पन्नाशीचे, कामगारांच्या निळ्या डांगरीतले. स्वतःच्या पायांनी चालत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पहले उसको देखो, सिस्टर."

मी अर्थातच आधी त्यांच्याकडे गेले. सहा महिन्यांपूर्वी केरळहून आलेली नवी नर्स माझ्या मागे होती. बघ, असं करायचं असतं, या थाटात मी एकदा तिच्याकडे पाहिलंही.

त्यांना खुर्चीतून बेडवर घेतलं. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही आपल्याकडच्या?"

"हो. तुम्ही कुठले, काका?"

"रत्नागिरी. खाडीच्या पलीकडं."

झालं. इथे दिवसभर हिंदी, इंग्लिश आणि मोडकंतोडकं अरबी बोलून जीभ थकलेली असते. आपली बोली कानावर पडली की मी विरघळते. कुठे लागलं विचारलं, तर डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाले, "पाइप आपटला जरासा. बरा हाय मी, ताई." कसं वाटतंय? "बरा हाय." मग किती वर्षं इथे, घरी कोण, हे सगळं झालं. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढलंय, दोन वर्षांनी घरी चाललोय, तेवढं बायकोला यातलं काही कळू देऊ नका, असंही म्हणाले. मी हसत त्यांना ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. बोटांवर रंगाचे थर होते, आकडा येईना. पुसून मग लावू म्हटलं. रक्तदाब ठीक होता. नाडी जलद होती, पण घाबरल्यावर असायचीच. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि बोटंवाल्याकडे वळले.

पाचेक मिनिटं झाली असतील. नवी नर्स मागून म्हणाली, "सिस्टर, ही इज नॉट ओके."

"मी बघितलंय त्यांना. तू इथे गॉज दे."

ती हलली नाही. "सिस्टर, दो-दो वर्ड के बाद साँस ले रहा है. आप प्लीज काउंट करो."

मला राग आला, आणि तो चेहऱ्यावर दिसलाही असणार. त्या पोरीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आमच्या गप्पांतलं तिला काहीच समजलं नव्हतं, म्हणून ती फक्त त्यांच्या छातीकडे बघत राहिली होती. ते काय बोलतात हे मी ऐकत होते. कसं बोलतात ते तिने ऐकलं.

मी परत गेले आणि तोंड बंद ठेवून घड्याळ धरलं. अर्ध्या मिनिटात एकोणीस श्वास; एरवी अख्ख्या मिनिटात वीसच्या आत असतात. छातीची डावी बाजू वर उठतच नव्हती. ओठांचा रंग उतरला होता. मला बघून त्यांनी पुन्हा हसायचा प्रयत्न केला. "बरा... हाय... ताई."

पुढचं सगळं भराभर झालं आणि नीट झालं. डॉक्टरांना हाक, ऑक्सिजनचा मास्क, डांगरी कात्रीने कापली, बरगड्यांमधून नळी घातली. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती; छातीत कोंडलेली हवा सूं करून बाहेर आली, मागोमाग थोडं रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर माणूस हातचा गेला असता. नंतर चहाच्या खोलीत बसून मी सगळं पुन्हा आठवून बघितलं. परक्या भाषेतल्या पेशंटचा शब्द मी कधी पुरावा म्हणून धरला नसता. आपला माणूस बरा आहे म्हणाला, आणि मी मान डोलावली. आपल्याकडे बरं आहे हे उत्तर नसतंच, तो नुसता शिष्टाचार असतो, हे मला माहीत नव्हतं का? मी स्वतः दर शुक्रवारी आईला फोनवर तेच सांगते. मला फार लाज वाटली.

त्या नर्सला मी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. हे मला सहजी जमत नाही. ती एवढी गोंधळली की उलट मलाच सॉरी म्हणाली.

सहाव्या दिवशी ड्यूटी संपवून वॉर्डात गेले. नळी आदल्या दिवशी निघाली होती, पण विमानात इतक्यात बसायचं नव्हतं, गुरुवारचं तिकीट रद्द झालं होतं. काका फोनवर बायकोशी बोलत होते. मी दाराशीच थांबले. डोळे आपोआप त्यांच्या छातीवर गेले.

"बरा हाय गो मी, कामाची गडबड हाय म्हणून साहेबानं सुट्टी पुढं ढकललीय, तू आपली तब्येत सांभाळ आणि औषध चुकवू नको."

सगळं एका दमात. मध्ये कुठे थांबावं लागलं नाही. छातीच्या दोन्ही बाजू बरोबर वर आल्या, बरोबर खाली गेल्या. मग ते बायकोचं ऐकत होते, तेव्हा मी मिनिटभर तशीच उभी राहून मोजलं. सोळा.

फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसले. जरा ओशाळले.

"सुट्टीचं खोटं बोललो, ताई. पण बरा हाय, ते तरी खरं ना?"

"खरं आहे, काका," मी म्हटलं. "आज मोजलंय मी."