वच्छलेचा वारा

पातूरच्या माळ्याची सून वच्छला म्हणजे लाजेपायी वाट्टेल ते सोसेल अशी बाई. सासरी आल्यापासून मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, ती कधी खोकलीही नव्हती. भाजीची पाटी उचलताना मांडीच्या मुळाशी गाठ आली, तीही तिनं लुगड्याआड लपवली. पण गाठ ताठली, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा लपवणार किती?

गळवं चिरणारा न्हावी आला. आंत उतरते, म्हणजे आतडं खाली सरकून गाठ येते, ती पुरुषांचीच, असं गावाचं ठाम मत. सासूनं सांगितलेल्या खुणांवरून त्यानं ती पिकलेली बद, म्हणजे जांघेतलं गळू, ठरवली आणि वस्तरा पाजळला. न बघता रोग ओळखणारे आपल्याकडे कधी कमी पडलेत! वच्छलेनं पदर पुढे ओढला. पदराआडून ती पहिल्यांदाच बोलली.

"मामाजी, हे गाठ निजलं का गुरगुरत आत जाये. आता जात नाई. इले चिरू देऊ नोका."

सासरे शेषराव उठले ते थेट रस्त्यावर. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचं सोनं केलेलं. सगळ्या गाड्या कापूस भरून चाललेल्या, रिकामी गाडी औषधालाही मिळेना. म्हातारा बैलांसमोर आडवा झाला, तेव्हा कुठे एका गाडीवानानं तिला कापसाच्या ढिगावर घेतलं.

अकोल्याच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरनं गाठ चाचपली. आंतच होती, पण भलत्या वाटेनं मांडीत उतरून अडकलेली. अशी क्वचितच दिसते म्हणाला. गोड वासाचं औषध हुंगवून त्यानं तिला निजवलं, आतड्याला आवळणारा पट्टा कापला, आतड्यावर लाली परतताना पाहिली आणि ते आत सारलं. कंपाउंडरनं शेषरावांना बजावलं, वारा सरला, म्हणजे आतडं चालू झालं, तर वाचली. नाही तर आशा नको.

दुसऱ्या दिवशी शेषराव खाटेशी ठाण मांडून बसले. वच्छलेच्या पोटात वादळ उठलेलं, आणि ती दातओठ आवळून ते दाबत होती! मामाजींसमोर? मेली तरी बेहत्तर. तिच्या कपाळावरचा घाम पाहून म्हाताऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"लाज मंग पाहू, माय. आधी जग."

वच्छलेनं डोळे मिटले, आणि खाट दणाणली.

शेषराव धावत समोरच्या बाजारात गेले आणि दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवू लागले. कापसाच्या गाडीवरून कुणीतरी विचारलं, नातू झाला का? खिडकीतून वच्छलेला सगळं ऐकू येत होतं.

"नाई बा," मामाजी रडत-हसत म्हणाले, "माह्या सुनेचा वारा सरला."