सोनूबाईचं उत्तर

सोनूबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत असे. लागायचा तो एकटा दादू, तिचा धाकटा दीर. तोही वर्षातून एकदाच, शिमग्यात, लुगडं नेसून.

राजापूरहून आत डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की समोरच्या अंगणात नमनाचा खेळ उभा राही. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघत आणि त्यांच्या पुढे ठुमकत चाले ती मावशी. हे सोंग दादूचं. खरं तर दादू काजूच्या कारखान्यात बिया फोडणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. पण पदर खोचला की त्याला वेगळीच जीभ फुटे. चालता चालता मावशी थबके आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या सोनूबाईकडे वळे.

"गो सोनू, तुझ्या पडवीतना मथुरा दिसते काय? नाय, आख्खा गाव दिसतो म्हणून इचारलं."

सोनूबाई घाई करत नसे. आधी हात कमरेवर ठेवी, सुपारीचं खांड गालात सरकवी.

"मथुरा नाय दिसत. पण लुगड्याखालनं तुजी ढोपरा दिसतात. ती झाक आधी, मग बाजाराला जा."

अंगण फुटायचं हसून. गावचे मुंबईकर रजा टाकून यायचे त्यात या जुगलबंदीचा वाटा मोठा होता.

सोंग शिकवलं ते चुलत्याने, काशीरामाने. कमरेत कसं लचकायचं, बांगडी कधी वाजवायची, सगळं झाल्यावर म्हातारा म्हणाला होता, "थट्टा करायची ती समोर बसलेल्याची. पाठीमागं कुणाची नाय. आणि केलीस की गप उभा ऱ्हायचा. त्याचा उत्तर येईस्तवर पाय हलवायचा नाय." दादूने हे देवाच्या नवसासारखं पाळलं. 

मग एका शिमग्यात हर्षद आला. मुंबईचा, मालिका लिहिणारा, वयाने दादूच्या मुलासारखा. कोकणातल्या एका वाडीवर विनोदी मालिका काढायची होती, 'पडवीतली मंडळी'. नमन बघून त्याने दादूला जागच्या जागी यसूआत्याचं काम दिलं. यसूआत्या म्हणजे कोण, हे वाडीला पहिल्याच भागात कळलं. तो कमरेवरचा हात, ती गालातली सुपारी, उत्तराआधीचा तो दम. सोनूबाईच होती ती.

आणि सोनूबाईला ते आवडलं. कबूल करायची नाही, पण आवडलं. चित्रीकरण जवळच्याच गावात चाले. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघे आणि मध्येच बोले, "असा कोण बोलतो? ही काय पुण्याची बाय हाय?" हर्षद धावत येऊन विचारी, मग कसं बोलतात, आजी? ती सांगे, तो लिहून घेई, आणि आठवड्याने तेच वाक्य टीव्हीवर वाजे. एसटीची वाट बघता बघता होणारी भांडणं, मासेवालीशी घासाघीस, गणपतीला आलेल्या चाकरमान्याचा रुबाब, असलं साधंच असे त्यात. आठवड्यातून एकदा लागे. त्या वेळी वाडीत कुणाचं कुणाशी वैर राहत नसे.

मालिका चालली हेच वाईट झालं. वाहिनीने ती रोजची केली. रोज मुंबईहून इतक्या लांब यायला कुणाला परवडणार? त्यांनी मुंबईतच गाव उभारलं. जांभ्याच्या भिंती थर्माकोलच्या, माड प्लास्टिकचे. दादू कारखाना सोडून तिकडे राहायला गेला. यसूआत्या मालवणीत बोलू लागली. दादूने सांगून बघितलं, आमच्याकडे असं बोलत नाहीत. त्याला उत्तर मिळालं, प्रेक्षकाला कोकण म्हटलं की हेच लागतं. मग आत्याच्या हातात बाटली आली. मग ती पोस्टमनच्या मागे लागली.

"हर्षदभाऊ, थट्टा करतो ती माणसा समोर नसतात हो आता," एकदा दादू म्हणाला. 

"काका, समोर अख्खा महाराष्ट्र बसलाय."

दादूला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कॅमेऱ्यासमोर थट्टा करायची आणि थांबायचं नाही, कारण थांबलं की दिग्दर्शक ओरडे. पुढे रोजच्या भागाला मजकूर पुरेना. दुपारच्या जेवणाला हर्षद शेजारी बसून विचारी, तुमच्या वहिनीचं आणखी काही सांगा ना. एकदा दादूने सांगितलं.

त्याचा मोठा भाऊ विठू, सोनूबाईचा नवरा, मुंबईला नोकरीला होता, तिकडेच वारला. त्याचा एक सदरा सोनूबाईने खुंटीला टांगून ठेवला होता. संध्याकाळी दार लोटून ती त्या सदऱ्याशी बोले. आज भात लावून झाला. पोराला ताप आहे. भावजी कामाला लागला. दादू तेव्हा कोवळा होता, कुडापलीकडे निजायचा, त्याला सगळं ऐकू येई. मग एका पावसाळ्यानंतर तिचं ते बोलणं थांबलं. ऐकल्याचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने ऐकलंय हे ती ओळखून होती.

हर्षदचे डोळे भरून आले होते ऐकताना. खरोखर भरले होते. पंधरवड्याने भाग आला, त्यात झिंगलेली यसूआत्या खुंटीवरच्या कोटाला मिठी मारून विचारत होती, "कोटा, करतंस काय माझ्याशी लगीन?"

कागद हातात पडला तेव्हा दादू नाही म्हणू शकला असता. तो म्हणाला, कोट जरा उंच टांगा, हात वर गेला की हशा जास्त येईल.

हशा आलाच. घराघरात, लग्नाच्या वरातीत, मोबाइलवर तेच. आणि वाडी फाटली. वयस्कर मंडळी म्हणत, पहिल्या वर्षीचं सोनं होतं, आता हा चिखल कशाला बघायचा? पोरं म्हणत, पहिलं संथ होतं, खरी धमाल आत्ता. मुंबईकरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन तट पडून निम्मे बाहेर पडले. एक म्हणे गावाची अब्रू गेली, दुसरा म्हणे विनोद आहे, विनोदासारखा घ्या. पण सगळं भांडण बाटली, पोस्टमन आणि मालवणीवरून. कोटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तो सगळ्यांच्या लेखी लेखकाच्या डोक्यातून आलेला होता.

सोनूबाईला तक्रारही करता येत नव्हती. करायची तर आधी सदरा गावाला सांगावा लागला असता. तिची नात शमिका राजापूरला कॉलेजात जायची. मैत्रिणींना अभिमानाने सांगायची, ती आत्या म्हणजे माझी आजी. घरी येऊन म्हणायची, "आज्ये, तू हसत का नाहीस गं? फेमस झालीस की." सोनूबाई कुळीथ निवडत राहायची.

वर्षभरात लोक कोटालाही कंटाळले आणि मालिका बंद पडली. हर्षदने फोन घेणं सोडलं. शिमग्याच्या तोंडावर दादू गावी आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी वहिनीच्या पडवीत गेला. बराच वेळ उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली. "पाय दुखतील."

"वैनी, चुकलो मी."

"काय चुकलास? लोका हसली ना?"

"वैनी…"

"मी त्याच्याशी काय बोलत होती ता तुला म्हायती होता. तरी तू त्याला दारू पाजलीस." 'यसूआत्याला' नव्हे, 'त्याला' म्हणाली ती, जणू खुंटीवर अजून विठूच होता. मग सूप उचलून आत निघाली.

दादूने पाठमोरीला विचारलं, नमनाला याल ना? 

"येईन. पालखी देवाची हाय."

"मी विचारलं तर बोलाल?"

"विचारशील तवा बघू."

नमनाच्या मंडळात पोरांनी लावून धरलं, कोट झालाच पाहिजे. दादूने ठाम नकार दिला. त्याला एवढंच हवं होतं, की तिने चारचौघांत एक फटका हाणावा, पूर्वीसारखा. मग तो बाकीचं सहन करणार होता.

भोंगा वेळेत बंद करावा लागतो म्हणून हल्ली नमन दिवेलागणीलाच उभं राहतं. गण झाला. गवळणी निघाल्या. मावशी थबकली. अंगण कधी नव्हे इतकं भरलं होतं, आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती.

"गो सोनू," दादू म्हणाला, "मी बाजार करून आले. खोटा माल घेतला, गो. परत कोण घेईल काय?"

सोनूबाईने हात कमरेवर ठेवला, सुपारी गालात सरकवली. मान वर केली. दादूने पाहिलं, तिचे डोळे पूर्वीसारखेच बारीक झाले होते. उत्तर तयार होतं. ती ओठ उघडते आहे तोच मागून हशा उसळला. तिने अजून काहीच म्हटलं नव्हतं. तो कमरेवरचा हात बघूनच लोक हसले, टीव्हीवर हसत तसे. मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत शमिकाचाही होता. 

"कोटा, करतंस काय लगीन?" कुणीतरी बायकी आवाजात ओरडलं.

सोनूबाईने शमिकाच्या मोबाइलकडे पाहिलं. मग ओठ मिटले, पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत बसली.

दादू थांबला. मृदंगवाल्याने ठेका एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. गवळणी एकमेकींकडे बघू लागल्या. लोकांना वाटलं, हाही विनोदाचाच भाग, म्हणून ते आणखी हसले. त्याने तिला हलक्या आवाजात हाक मारली, मावशीच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात. तिने मान वर केली नाही.

मागची गवळण कुजबुजली, "काका, चला ना, पुढचा खोळंबलाय."

दादूने पाय उचलला.